फितूर

सिंधूबाई जे बोलली ते मेंढरू कातरता कातरता बोलली. मेंढरू तिच्या मांडीखाली आडवं पडलेलं, त्याचे चारी पाय दोरीनं एकत्र आवळलेले आणि हातातली कातर कचाकच चाललेली. समोर पुण्याची साधना कॅमेरा धरून उकिडवी बसलेली. नवऱ्याचा, ग्यानबाचा, गुडघा गेल्यापासून घरची कातरणी सिंधूबाईच करायची. अशा कामात माणसाचं ध्यान हातात असतं, तोंड आपलं मोकळं सुटतं. त्यात काही खोट नव्हती. जे घडलं तेच ती सांगत होती.

माळझरा हे गाव औंढ्यापासून दोन कोसांवर, डोंगराच्या कुशीत. गावाच्या वरच्या अंगाला चाळीस एकर गायरान. हटकर धनगरांच्या बारा घरांची मेंढरं त्याच माळावर जगत आलेली. दोन वर्षांमागं उत्तमरावांनी त्या गायरानाला सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली. उत्तमराव गावचे जुने सरपंच, शाळेची एक संस्था त्यांच्या हातात. संस्थेची फळबाग करायची, असं त्यांनी सांगितलं. ऐन वैशाखात मेंढरं तारेला तोंड लावून उभी राहिली. बाया अर्ज घेऊन चार ठिकाणी फिरल्या. शेवटी एका सोमवारी बारा घरांतल्या बाया-माणसं वर चढली आणि तार तोडून मेंढरं आत घातली. तेव्हापासून बारा घरांच्या वतीनं सिंधूबाईनं लावलेला गायरानाचा दावा चालू होता आणि मेंढरंही आत चरत होती.

त्याचीच फिल्म करायला साधना आली होती. अकरा दिवस ती सिंधूबाईच्या घरी राहिली. भाकरी थापायला शिकली, हात भाजून घेतला, मेंढरांमागं चालून टाचांना भेगा पाडून घेतल्या. दुसऱ्या दिवशी तिनं समाजमंदिरात चादर बांधून बायांना एक परमुलखातली फिल्म दाखवली. तीत काळी पोरं-पोरी एका हॉटेलात जाऊन बसली होती आणि त्यांना कुणी चहा देत नव्हतं. गोरी माणसं त्यांच्या डोक्यावर साखर ओतत होती, मानेला विस्तवाचे चटके देत होती. पोरं जागची हलत नव्हती.

"ह्यायला चहा काहून देऊन न्हाई राहिले?" सिंधूबाईची धाकटी जाऊ शकुबाई हिनं विचारलं.

"काळे आहेत म्हणून."

"मंग उठून काहून जात न्हाईत?"

"उठले की हरले," साधना म्हणाली.

बाहेर पडताना शकुबाई म्हणाली, "आपली बी अशी फिल्म व्हईल का, आक्का?" सिंधूबाईच्या मनातही तेच चाललं होतं.

म्हणून कातरताना ती भरभरून बोलली. "पयला घाव लखमानं घातला. माझा पुतण्या, ह्या शकूचा लेक. पकड घेऊन गेलता. आमी समद्या मागं, आन् ह्यो येकटा म्होरं. तार तुटली ती अशी सणकन उडाली, ह्याच्या गालाला चाटून गेली. तिथं संतराम राखणदार व्हता. त्यो आडवा आला. लखमानं त्याला येका हातानं बाजूला सारलं. पडला. आमी काय थांबलो न्हाई." आणि मेंढराच्या अंगावरून लोकरीचा अखंड थर उलटत ती हसली. ते हसूही फिल्ममध्ये आलं.

सांजच्याला साधनानं ते तिला आणि लखमाला दाखवलं. "मावशी, तुम्ही नाव घेतलंय. पोलिसांची केस आहे ना त्यावर? ठेवू की काढू?"

केस होती, पण 'अनोळखी वीस-पंचवीस इसमांवर'. संतरामच्या मांडीचं हाड मोडलं होतं, तरी त्यानं जबाबात एवढंच सांगितलं होतं की गर्दी होती, चेहरा ध्यानात नाही. एका गावात राहायचं, म्हणून. ते कागद तेव्हापासून निजलेले होते.

"ठेव," सिंधूबाई म्हणाली. "चोरी थोडीच केली त्यानं?"

लखमा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. सव्वीस वर्षांचा गडी, पण लाजला. "ऱ्हाऊ द्या ताई," म्हणाला.

फिल्म पुढल्या हिवाळ्यात तयार झाली. पुण्याला दाखवली, मुंबईला दाखवली. मग साधना ती गावात घेऊन आली. समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि पहिल्या रांगेत, खुर्चीवर, उत्तमराव. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सव्वा तास ते मांडीवर हात ठेवून बसले. संपल्यावर सगळ्यांच्या आधी त्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल आणि नारळ ते घरूनच घेऊन आले होते. साधनाच्या खांद्यावर शाल टाकली, सिंधूबाईच्या ओटीत नारळ घातला.

"आमचं तुमचं भांडण असंल, सिंधूबाई," ते म्हणाले, "पर गावाचं नाव मोठं केलंत. ह्याची येक कापी आमाला बी द्या."

साधना घुटमळली. पण फिल्म फोनवर कुणालाही बघता येत होती, नाही म्हणून काय उपयोग. नववा दिवस उजाडला आणि पोलिसांची गाडी आली. लखमा हळदीच्या रानात मेंढरं बसवून होता. हळद निघालेल्या रानात मेंढरं बसवली की लेंडी-मुताचं खत होतं, म्हणून शेतकरी बोलावतात. मेंढरं कोंडायच्या वाघराची जाळी गुंडाळता गुंडाळताच त्याला गाडीत घातलं. मेंढरं तशीच उघड्यावर राहिली. ती हाकत घरी आणली सिंधूबाईनं.

जमादार दुसऱ्या दिवशी तिच्याकडे आला. माणूस सभ्य. बाजेवर बसला, पाणी प्याला.

"तुमचं नाव आरोपीत न्हाई घातलं, मावशी. तुमी साक्षीदार. सरकारी साक्षीदार."

"कुणाच्या बाजूनं?"

"सरकारच्या."

"म्हंजी लखमाच्या इरोधात."

जमादारानं पेला उपडा घातला. "फिल्ममधी बोललात तेवढंच कोर्टात बोलायचं. दुसरं काय न्हाई."

शकुबाईचं आणि तिचं घर एका भिंतीचं. दोघींची चूल एकाच भिंतीला टेकलेली, तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज इकडून तिकडं कळायचा. त्या दिवसापासून शकुबाईनं आपली चूल उचलून अंगणात मांडली. भांडण नाही, शिवी नाही. पाण्याला जाताना वाटेत गाठ पडली तर ती कडेला उभी राहायची, जाऊ पुढं जाईपर्यंत. सासूला वाट द्यावी तशी. सिंधूबाईला वाटायचं, हिनं मला झिंज्या धरून आपटावं, मोकळी करावी. शकुबाईनं तेवढंही केलं नाही.

अडीच महिन्यांनी लखमा जामिनावर सुटला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी, तालुका सोडायचा नाही. मेंढरांमागं खाली गोदेकाठी, गंगथडीला उतरणं बंद झालं. त्याची बायको दीपमाला एकटीनं किती मेंढरं हाकणार? निम्मी मेंढरं सांभाळायला माणूस नाही म्हणून दुसऱ्याच्या कळपात घालावी लागली. लखमा दिवसभर ओसरीवर बसून असायचा. जेलात त्याच्या मानेला नायटा झाला होता, तो खाजवायचा.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला, सिंधूबाईला साक्षीचं समन्स आलं. शंकरसिंग वकिलांनी तिला आणि ग्यानबाला हिंगोलीला बोलावून घेतलं. लखमाची केसही तेच बघत आणि गायरानाचा दावाही.

"देखो सिंधूबाई, सीधी बात सांगतो," ते म्हणाले. "लखमाविरुद्ध दुसरा पुरावा नाही. संतराम नाव घेत नाही. फक्त तुमची फिल्म. तुम्ही कोर्टात म्हणालात की फिल्ममधलं खरं, तर सात वर्षं होऊ शकतात. खोटं म्हणालात, तर केस पडली."

"मंग खोटं म्हणती," ग्यानबाच आधी बोलला.

"पूरा सुनो. गायरानाच्या दाव्यात फिल्ममधली बाई काय सांगते, तेच आपला आधार आहे. तीन पिढ्या मेंढरं चारतो, हे कॅमेऱ्यासमोर दुसऱ्या कुणी एवढं सांगितलंच नाही. ती फिल्म मी स्वतः दाव्याला जोडली. इथं खोटी म्हणालात तर तिथं खरी कशी म्हणू?"

बाहेर येऊन दोघं एस.टी. स्टँडच्या भिंतीच्या सावलीत बसली. ग्यानबानं भाकरीचं फडकं सोडलं. खाल्लं मात्र कुणीच नाही.

"लेकरू आपलं हाय," तो म्हणाला.

"गायरान बी आपलंच हाय."

"गायरान बारा घराचं हाय. बारा घरं बघतील."

तिला ठाऊक होतं, बारा घरं बघणार नाहीत. बारा घरं तिच्या तोंडाकडं बघत होती.

साक्षीच्या आदल्या दिवशी शकुबाई सव्वा वर्षानं तिच्या उंबऱ्यात आली. आत आली आणि सिंधूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. सिंधूबाई तिला उठवायला गेली तर ती उठेना. पायाच्या बोटांना तिच्या डोळ्यांचं पाणी लागलं.

"म्या कवा काय मागितलं का, आक्का?"

"न्हाई."

"ह्याचा बाप गेला तवा बी मागितलं न्हाई."

"ऊठ, शकू."

ती गेल्यावर लखमा आला. तो ओसरीवरच थांबला. "माय येऊन गेली ना? तिचं ऐकू नगंस, मोठे माय. खरं ते बोल. म्या तोडली तार. सात वर्सं तर सात वर्सं."

"दीपमालाचं दिस भरत आले."

"भरू दे. लोकायला सांगाया काय तरी ऱ्हाईल. त्या फिल्ममधली पोरं उठली का जाग्यावरनं?"

"त्यायच्या माया काय म्हणत व्हत्या ते कुठं दाखवलं त्यात," सिंधूबाई म्हणाली.

लखमा नायटा खाजवत निघून गेला.

कोर्टात भिंतीवर टीव्ही होता. साधना पुण्याहून येऊन दुसऱ्या बाकावर बसली होती. मागच्या बाकावर उत्तमराव आणि त्यांचे वकील. दाराशी काठी गुडघ्यात धरून संतराम बसला होता. त्याची साक्ष सकाळीच झाली होती. पुन्हा तेच तो म्हणाला होता, गर्दी होती, ध्यानात नाही.

सिंधूबाईला शपथ दिली. मग टीव्ही लावला. तिनं स्वतःला एवढं मोठं कधी बघितलं नव्हतं. समाजमंदिरात चादरीला सुरकुत्या होत्या, इथं चेहऱ्यावरची एकेक रेघ दिसत होती. पडद्यावरची बाई मेंढरू कातरत होती, बोलत होती, हसत होती. कोर्टात कुणीच हसलं नाही.

"ही बाई कोण?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"मीच दिसून राहिले."

"आवाज तुमचाच?"

"माझाच."

"पहिला घाव लखमानं घातला, असं तुम्ही म्हणताय. खरं ना?"

तिनं लखमाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर जीभ उचलली नसती. "न्हाई. ते शिकवलेलं व्हतं."

"कुणी शिकवलं?"

"शूटिंगवाल्या बाईनं. फिल्म चांगली व्हईल म्हणाली."

साधनाच्या बाजूनं बाक वाजला. बास, झालं, असं सिंधूबाईला वाटलं. एवढं एक खोटं ती रात्रभर घोकून आली होती. पण वकील थांबले नाहीत.

"तार तोडली त्या दिवशी तुम्ही तिथं होतात ना?"

"न्हाई. म्या माहेराला गेलते."

"संतरामला पडताना बघितलं नाही?"

"न्हाई."

"बरं. मेंढरं अडवली म्हणून तुमचा राग होता. तुमची मेंढरं त्या गायरानात चरायची, बरोबर?"

शंकरसिंग अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. सिंधूबाईला कळलं की इथं आता पाय अडकला. चरायची म्हटलं तर भांडण होतं. भांडण होतं तर तार तोडायला गेलो. तार तोडायला गेलो तर लखमा.

"सांगा. चरायची का?"

"न्हाई," ती म्हणाली. "आमी लोकायच्या रानात मेंढरं बसवतो. गायरानात कवाच गेली न्हाईत."

जजसाहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. टंकणाऱ्या पोरीनं एकदा मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि लिहिलं. सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करावं. पुढं त्यांनी आणखी पुष्कळ विचारलं, आवाज चढवून विचारलं. ती न्हाई, न्हाई म्हणत गेली. फितूर हा शब्द तिच्या कानात तसाच राहिला होता. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देतो तो फितूर, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

खाली उतरताना पायऱ्यांवर संतराम होता. एकेका पायरीवर काठी टेकून मग पाय ठेवत होता. ती त्याच्या मागं अडकली.

"सिंधू," तो मागं न बघता म्हणाला, "म्या तुज्या पोराचं नाव घेतलं न्हाई. दोनदा घेतलं न्हाई."

"व्हय, दादा."

"पर मला पडताना बघितलं न्हाई म्हणलीस. मंग ह्यो पाय काय जन्मताच असा व्हता का?"

तिनं त्याचा दंड धरायला हात पुढं केला. त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि दंड सोडवून घेतला.

साधना फाटकाजवळ उभी होती. डोळे लाल, पण आवाज ताब्यात. "मावशी, तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर नगं म्हणली असतीस."

"नसते म्हणाले."

दोघींनाही ते खरं की खोटं ठाऊक नव्हतं. साधनानं तिच्यासाठी आणलेली पाण्याची बाटली हातात दिली आणि रिक्षात बसून गेली.

लखमा दोन महिन्यांनी निर्दोष सुटला. निकालाच्या आधीच दीपमालाला पोरगी झाली होती. शकुबाईनं चूल परत भिंतीला आणली, पहिल्या दिवशी पुरणाचं ताट भरून पाठवलं. बारा घरांतल्या बाकीच्या बाया मात्र पाण्याला जाताना सिंधूबाईला आता हाक मारत नव्हत्या. उत्तमरावांच्या वकिलांनी तिच्या जबाबाची नक्कल काढून दाव्यात लावली होती. मेंढरं गायरानात कवाच गेली न्हाईत, हे खुद्द दावा करणाऱ्या बाईनं शपथेवर सांगितलेलं. दावा पावसाळ्याच्या आत निकाली निघाला.

मधे एकदा साधनाचा फोन आला. फिल्म खोटी आहे, बायांना पढवून केली आहे, असं लोक लिहीत होते. दोन ठिकाणचे खेळ रद्द झाले होते. "मावशी, तुमचं बोलणं काढून टाकू का? म्हणजे तुम्हाला पुन्हा त्रास नको."

"काढ."

"सगळंच?"

"समदंच काढ. मंग काय ऱ्हातं त्यात?"

"मेंढरं राहतात," साधना म्हणाली.

आषाढात उत्तमरावांनी पुन्हा कुंपण घालायला काढलं. ह्या खेपेला खांब जास्त उंच, तार सहा पदरी. मजूर गावातलेच लावले. सिंधूबाई मेंढरं घेऊन सडकेच्या कडेनं चालली होती. आता रोज असंच जावं लागायचं, सडकेच्या बाजूला जे उगवेल ते चारत, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात, थेट शिरड शहापूरच्या अंगाला. गायरानाच्या कोपऱ्यावर खड्डे खणणाऱ्यांत तिला लखमा दिसला. उघड्या अंगानं पहार मारत होता. मुरूम लागला होता, पहार उसळून परत येत होती. मानेवरचा नायटा घामानं लालबुंद झाला होता.

ती थांबली. "तू हितं काहून?"

"मेंढरं इकली ना. काय तरी कराया पायजे."

"दुसरीकडं काम मिळालं असतं."

"मिळालं न्हाई." त्यानं पहार टेकवली, खड्ड्यातला मुरूम हातानं बाहेर काढला. वर बघितलं तेव्हा त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मोठे माय, येक सांगू? तू मला सोडवलंस, ते मी इसरणार न्हाई. पर म्या तार तोडली व्हती. समद्या गावानं बघितली व्हती. पोरीला सांगाया तेवढंच माझ्याजवळ व्हतं. आता कोर्टाच्या कागदावर ती कुणीच तोडली न्हाई."

मागून मुकादम ओरडला. लखमानं पहार उचलली. तो कोपऱ्यावरचा खड्डा होता, तिथं जाड खांब बसणार होता, म्हणून तो हातभर जास्त खोल घ्यायचा होता. सिंधूबाई बघत उभी राहिली. तेवढ्यात दोन मेंढरं सडकेवर गेली आणि औंढ्याकडून येणारी एस.टी. भोंगा वाजवायला लागली. ती हुर्र करत, काठी आपटत त्यांच्यामागं धावली.